चौथ्या नंबरचा झार

"झारची आंघोळ आहे रे, रयतेने बादल्या बाजूला घ्याव्यात," असं जिन्याखालून ओरडत सर रोज सकाळी पंचा गुंडाळून अंगणात यायचे. आम्ही चार मुलं त्यांच्या वरच्या खोल्यांत राहायचो. दात घासत असलो तरी तोंडात फेस घेऊन तसेच खाली यायचो आणि बादल्या भिंतीला लावायचो. पाण्याच्या टाकीच्या तोटीला एक छोटं कुलूप होतं आणि त्याची किल्ली सरांच्या जानव्याला बांधलेली होती. त्यामुळे कुलूप उघडताना त्यांना टाकीला नमस्कार केल्यासारखं वाकावं लागायचं. आधी ते स्वतःसाठी चार बादल्या भरून घ्यायचे. मग वळून आमचे चेहरे बघायचे. त्या दिवशी ज्याचा चेहरा आवडेल त्याचा नंबर पहिला.

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची, उज्जैनला माधव नगरात राहत होतो तेव्हाची. सरांबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात आहे, पण कुठून सुरुवात करावी ते कळत नव्हतं. शेवटी टाकीपासूनच केली. बाकीचं सगळं तिथूनच निघालं.

सर कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेले. मी त्यांच्याकडे खोली मागायला गेलो तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला जगाच्या इतिहासात नापास झालेलो होतो. पुरवणी परीक्षा जूनमध्ये होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील बुरहाणपूरला पॉवरलूमवर कामाला. निकालाचा कागद त्यांनी सरळ धरला, बराच वेळ बघितला आणि माझ्याकडे वापस दिला. म्हणाले, "मला यातलं समजत नाही. तू सांग." मी सांगितलं. ते म्हणाले, "अजून एकदा बघ. नाही झालं तर ये वापस. मालकाकडे एक लूम रिकामं आहे, मी बोलून ठेवतो." ते रागावले नव्हते, म्हणून मला जास्त भीती वाटली.

सरांनी ना गाव विचारलं ना जात. एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "अक्षर दाखव."

मी लिहिलं, "मला खोली हवी आहे."

त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला, चष्मा कपाळावर चढवला. मग आत हाक मारली, "अगं, बघ जरा. किती सुंदर अक्षर आहे. धोकादायक मुलगा आहे."

काकू आतून म्हणाल्या, "मग देऊ नका खोली."

"देतो ना. धोका घरात असलेला बरा."

त्या दिवसापासून त्यांनी मला चिटणीस म्हणायला सुरुवात केली. मला वाटलं कौतुकाने म्हणतात.

सरांचं घराणं दफ्तरातलं. अडीचशे वर्षांपूर्वी त्यांचे कोणी पूर्वज दरबारच्या कारकुनीसाठी माळव्यात आले आणि इथलेच झाले. सर सांगायचे, "आमच्यात कुणी राजा झाला नाही, सरदार झाला नाही. पण राजाने सही कुठे करायची ते बोट आमचं असायचं." या बोटाचा त्यांना फार अभिमान. घराण्याचा एक नियमही ते पाळायचे. लिहिलेलं कधी गिरगटायचं नाही, पान फाडायचं नाही. चुकलं तर एका रेघेत खोडायचं आणि वर बरोबर लिहायचं. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. दूधवाल्याच्या कॅलेंडरवर काकूंनी एकदा पांढरी शाई लावली तर ते दोन दिवस कॅलेंडरकडे बघत नव्हते.

आणि त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. पेपरात कुठल्याही भांडणाची बातमी असो, मंदिराच्या कमिटीची, कॉलनीच्या गणपतीची की कुठल्या परदेशाची, ते चष्म्यावरून बघून विचारायचे, "ते सगळं ठीक आहे. वही कुणाकडे आहे?" उत्तर कुणालाच माहीत नसायचं. ते खूश व्हायचे.

मी त्यांना दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं की मला रशियाचा धडा कळत नाही, तेवढा शिकवा. माझी गाडी तिथेच अडली होती. झार देवाच्या नावाने राज्य करायचा, हे कळलं. लोकांनी त्याला काढला, हेही कळलं. सगळे समान, सगळं सगळ्यांचं. आणि पुढच्याच पानावर एक माणूस सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला, लोक एकमेकांची चुगली करतायत आणि फोटोंतून माणसं गायब होतायत. मधे काय झालं? गाइडमध्ये पाच मुद्दे होते. मी ते पाठ केले होते आणि परीक्षेत तिसऱ्यानंतर विसरलो होतो.

सर म्हणाले, "शिकवून कळायचं असतं तर मी चौतीस वर्षं शिकवलं, कुणाला तरी कळलं असतं."

तरी संध्याकाळी ते मला टावर चौकात साबुदाण्याची खिचडी खायला न्यायचे आणि रस्ताभर बोलायचे. क्रांतीच्या पुढाऱ्यांची नावं त्यांनी माझ्यासमोर एकदाही घेतली नाहीत. पहिला तो टकलू, त्याच्यानंतरचा मिशीवाला. "नाव घेतलं की माणूस मोठा वाटतो," ते म्हणायचे. "मिशीवाला म्हटलं की आपल्या गल्लीतला होतो."

एकदा खिचडीच्या गाडीपुढे लांब रांग होती. सर म्हणाले, "लोकांना वाटतं क्रांती भुकेने होते. भुकेला माणूस घरी एकटा पडून असतो. क्रांती रांगेने होते. रांगेत त्याला शेजारी भेटतो. बघ आता." आणि ते सरळ पुढे जाऊन गाडीपाशी उभे राहिले. रांगेत कुजबुज झाली. मला तोंड लपवावंसं वाटलं. शेवटी स्कूटीची किल्ली बोटात फिरवत एक बाई म्हणाली, "अंकल, हम क्या पागल हैं जो लाइन में खड़े हैं? पीछे जाइए।" तिच्यामागून चार आवाज आले. सर हात जोडून मागे आले. चेहरा नुसता फुललेला. "झालं की नाही? तिकडेही पावाच्या रांगेत बायकांनीच सुरू केलं होतं."

खिचडी मिळायला पाऊण तास लागला.

आता त्या मुलांबद्दल सांगतो. माझ्या खोलीत पवन, आगरचा, बी.एस्सी.ला. त्याला मराठी पूर्ण समजायची, बोलायचा हिंदीत. मी नापास झालेला मुलगा म्हणून आलो तेव्हा पहिल्या दिवशी स्वतःच्या कपाटातला अर्धा भाग रिकामा करून देणारा तोच. समोरच्या खोलीत निखिल, देवासचा, बी.कॉम. करणारा, आणि शर्माजी. शर्माजी आमच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, सरकारी अधिकारी होण्याच्या परीक्षा देत होते आणि निम्मे अधिकारी झालेच होते, म्हणजे बोलण्यात.

मार्चमध्ये नळ एक दिवसाआड झाला. तोही पाऊण तास. स्वयंपाकाचं आणि पिण्याचं काकू आधी भरून घ्यायच्या, ते कुणाच्या राज्यात येत नव्हतं. उरलेलं टाकीत. सरांच्या चार बादल्या मात्र चारच राहिल्या. आम्हाला कधी दोन, कधी एक. निखिलने एकदा झारच्या मुलाचा आजार कोणता ते बरोबर सांगितलं तर त्याला तीन मिळाल्या. पवनने त्या दिवशी एका बादलीत आंघोळ केली आणि ओल्या डोक्यानेच म्हणाला, "सर, ये तो तानाशाही है।"

सर म्हणाले, "ये राजशाही है बेटा. तानाशाही अभी आनी है।"

"हम विरोध करेंगे।"

"मग करा की. तेही मीच सांगायचं का?"

तर एका रविवारी आम्ही टाकीभोवती उलट्या बादल्यांवर बसलो. पवनच्या हातात ताट आणि चमचा. तो वाजवत होता, निखिल 'पानी सबका' म्हणत होता, शर्माजी घोषणेतली हिंदी सुधारत होते. मला लाज वाटत होती, पण बादलीवर मीही बसलो होतो. सर पंच्यावर बाहेर आले, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा मागवला. मग कागद मागवला. उभ्याउभ्या लिहिलं: आम्ही, या घराचे मालक व टाकीचे अधिपती, आजपासून राजीखुशीने राज्यत्याग करीत आहोत.

काकू चहा घेऊन आल्या. वाचून म्हणाल्या, "भाजी कोण आणणार, ते पण लिहा. नाहीतर राज्यासोबत ते पण सोडाल."

जानव्याची गाठ सुटेना. शेवटी काकूंनीच सोडवून किल्ली पवनच्या हातात दिली. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी सगळ्यात जोरात.

समिती झाली. पवन अध्यक्ष, बाकी सगळे सदस्य. कुणी किती बादल्या घेतल्या ते लिहायला एक वही लागणार होती. ते काम कुणालाच नको होतं, कारण त्यासाठी रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून टाकीपाशी बसावं लागणार. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पवन म्हणाला, "तू लिख यार, तेरी राइटिंग अच्छी है।"

सर चहाचा कप तोंडाला लावून माझ्याकडे बघत होते. कप रिकामा होता.

पहिले पंधरा दिवस फार चांगले गेले, हे मला मुद्दाम लिहायचं आहे. प्रत्येकाला दोन बादल्या, सरांनाही दोन. सर रांगेत चौथे, पंच्यावर, हातात लाल प्लास्टिकची बादली. समोरच्या घरातले लोक गॅलरीत येऊन बघायचे. पवन गाणं म्हणत पाणी द्यायचा. कुणाची बादली अर्धी राहिली तर दुसरा आपलं ओतायचा. मला वाटलं, एवढं सोपं होतं तर जगात कुणी आधी का केलं नाही.

मग एप्रिल आला आणि नळाच्या पाऊण तासाची पंचवीस मिनिटं झाली. एक दिवस टाकीत सगळ्यांना पुरेल एवढं पाणी नव्हतं. दुसऱ्याचा हात लागू नये म्हणून किल्ली वहीसोबत ठेवू, असं मी सुचवलं. पवन म्हणाला, "रख ले।" त्याला सकाळी झोपायचं होतं.

मी नियम लिहायला लागलो. एका वेळी एकच माणूस टाकीजवळ. बादली काठापासून चार बोटं खाली. उशीर झाला तर नंबर शेवटी. मला खरंच वाटत होतं की नियम नीट लिहिले तर पाणी पुरेल. महिन्याच्या शेवटी बावीस नियम झाले होते. वही उघडायला मला आधी यावं लागतं म्हणून पहिला नंबर माझा, हा नियम अकरावा. तो मी सभेत वाचून दाखवला होता, कुणी काही बोललं नाही. निखिल मला न मागता चहा आणून द्यायला लागला. शर्माजी मला 'आप' म्हणायला लागले. मला आयुष्यात तोपर्यंत कुणी 'आप' म्हटलं नव्हतं.

शर्माजींनीच सूचना पेटी सुचवली. प्रशासनात असते म्हणे. चपलांच्या खोक्याला चीर पाडून ते जिन्यात ठेवलं. पहिली चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी आली, डाव्या हाताने लिहिल्यासारखी: मालक दुपारी तुळशीला तांब्याभर जास्त पाणी घालतात.

मी चौकशी केली. खरं होतं. मी सरांची एक बादली कमी केली.

सर माझ्यासमोर उभे, हातात लाल बादली. "कॉम्रेड चिटणीस, मग तुळशीचं काय करू?"

"तुळशीसाठी वेगळा अर्ज द्यावा लागेल, सर."

मी गंमत करत नव्हतो. त्यांनी संध्याकाळी अर्ज आणून दिला. सुरेख दफ्तरी भाषेत, अर्जदार वृंदावनात कायम वास्तव्यास असून तिला अन्य उत्पन्न नाही वगैरे. खाली अर्जदाराचा अंगठा म्हणून तुळशीचं एक पान चिकटवलेलं. मी तो दोनदा वाचला, त्यावर 'मंजूर' लिहिलं आणि तारीख घातली.

जिन्यावरून जाताना पवनने तो बघितला. तो हसायला लागला, मग माझं तोंड बघून थांबला. "भाई, तू सच में मंजूर कर रहा है?"

त्याने सभा बोलावली. म्हणाला, वही बंद करू, पेटी फेकू, किल्ली तोटीलाच लटकू दे, आपण पाच माणसं आहोत, बोलून भागवू. म्हणाला, "सर कम से कम मूड से पानी देते थे। तू तो बिना मूड के मना करता है।" मला ते फार लागलं. मी खोकं आणून सगळ्यांसमोर उपडं केलं. त्यात बारा चिठ्ठ्या होत्या आणि सात पवनच्या विरुद्ध. साबण टाकीवर ठेवतो. गाणी म्हणताना पाणी सांडतो. वहीबद्दल वाईट बोलतो. मी एकेक वाचली. निखिल जमिनीकडे बघत होता, शर्माजी छताकडे. सर दारात उभे होते. ते हसत नव्हते, हे मला नंतर आठवलं.

मतदान झालं. पवनचं अध्यक्षपद गेलं. तीन हात वर होते. पहिला माझा होता.

आठवड्याने पवनच्या बहिणीची सगाई होती. आगरची बस सकाळी सातची. तो साडेपाचला बादली घेऊन खाली आला. त्या दिवशी त्याचा नंबर शेवटचा होता आणि टाकीत पाणी थोडं होतं. मी वही दाखवली.

तो म्हणाला, "बहन की सगाई है।"

"काल लिहून द्यायला हवं होतं. नियम चौदा."

त्याने बादली तिथेच ठेवली, पिण्याच्या माठातलं ग्लासभर पाणी घेऊन तोंड धुतलं आणि गेला. परतल्यावर तो शहराच्या दुसऱ्या टोकाला एका मित्राच्या खोलीवर राहायला गेला. कपाटातला त्याचा अर्धा भाग रिकामा झाला. मी तिथे माझी पुस्तकं ठेवली.

पुढचं लिहायला मला त्रास होतो, पण ते सोडलं तर बाकी काही सांगण्यात अर्थ नाही. वही ओली होऊन फुगली होती, शाई पसरली होती. मी नवी वही आणली आणि सगळं सुवाच्य उतरवायला बसलो. पहिल्या पानावर समितीची स्थापना होती. 'पवन यांच्या नेतृत्वाखाली.' माझा हात थांबला. मला वाटलं, तो आता इथे राहत नाही, वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. मी तिथे माझं नाव लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. फार छान अक्षर आलं होतं.

सरांनी नवी वही चाळली. "अक्षर सुंदर," एवढंच म्हणाले. "जुनीचं काय करतोस?"

"रद्दीत."

"मला दे. मला पाट टेकवायला लागते."

मे संपत आला. पुरवणी परीक्षेला बारा दिवस राहिले आणि मी पुन्हा त्याच पानावर अडलो. शेवटी एका दुपारी गाइड घेऊन खाली गेलो. सर खुर्चीत बसून दूधवाल्याचं कॅलेंडर बघत होते. मी म्हणालो, "सर, एवढं एकच सांगा. लोकांनी स्वतःच राजाला काढलं ना? मग मिशीवाला आला कसा? आणि बाकीचे गप्प कसे बसले?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग हसायला लागले. इतके, की चष्मा काढावा लागला, डोळे पुसावे लागले. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या, "काय झालं, पाणी देऊ का?"

"त्याला विचार," सर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "पाणी द्यायचं का."

मग ते उठले. आतून जुनी वही आणली, माझ्याकडून नवी मागून घेतली आणि दोन्ही पहिली पानं उघडून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. "वाच."

मी वाचलं. परत वाचलं.

"मिशीवाल्याकडे सुरुवातीला काय होतं?" सर हळू आवाजात म्हणाले. "फौज दुसऱ्याकडे. भाषणं टकलूकडे. याच्याकडे एक कंटाळवाणं काम होतं, जे कुणालाच नको होतं. कुणाला कुठे नेमायचं, कुणाचं नाव कुठल्या यादीत. बाकीचे म्हणाले, तू लिही बाबा."

मी म्हणालो, "ती पहिली चिठ्ठी..."

"माझी. माझ्याच विरुद्ध. बाकीच्या तुम्ही लिहिल्यात."

"तुम्ही थांबवायचं होतं, सर."

सरांनी चष्मा परत लावला, पण माझ्याकडे बघितलं नाही. काकू म्हणाल्या, "हेच मी यांना सांगून राहिले होते. त्या पोराने माठातल्या पाण्याने तोंड धुतलं, मी खिडकीतून बघितलं."

"थांबवायला हवं होतं," सर म्हणाले. "मास्तराची खोड. वाटलं, आता धडा आलाच आहे तर पूर्ण होऊ दे. त्या सकाळी खाली येऊन माझी बादली त्याला द्यायची, एवढंच काम होतं. नाही केलं." थोड्या वेळाने म्हणाले, "ते माझ्या नावावर लिही."

मी दुसऱ्या दिवशी नवी वही घेऊन पवनच्या त्या मित्राच्या खोलीवर गेलो. पवन गादीवर बसून शेंगदाणे खात होता. मी दारातच सगळं सांगून टाकलं, पान उघडून त्याच्यासमोर धरलं. त्याने ते वाचलं. बराच वेळ शेंगदाणे सोलत राहिला.

"तूने मेरा नाम ही हटा दिया," तो म्हणाला. "पानी की बात मैं समझता था यार।"

मी वही त्याच्यासमोर तशीच उघडी धरून ठेवली.

"माफ़ी लिख के दे," तो म्हणाला. "तेरी राइटिंग अच्छी है।"

मी तिथेच बसून माझ्या नावावर एक रेघ मारली आणि वर त्याचं नाव लिहिलं. त्याने वही उजेडात धरली. "नीचे तेरा नाम दिख रहा है।"

"दिखना चाहिए."

तो हसला नाही. पण मूठभर शेंगदाणे माझ्याकडे सरकवले. आठ दिवसांनी तो त्याच्या पेटीसकट वापस आला, तेव्हा मी कपाटातला अर्धा भाग नाही, पाऊण रिकामा करून ठेवला होता. त्याने माझी पुस्तकं वापस आत ठेवली आणि म्हणाला, "ड्रामा मत कर।"

परीक्षेत तो प्रश्न आला. निरंकुश राजेशाहीपासून क्रांतीमार्गे एकाधिकारशाहीपर्यंतचा प्रवास स्पष्ट करा. मी सुरुवात केली, की एका क्रूर माणसाने सत्ता बळकावली. मग त्या वाक्यावर एक रेघ मारली आणि वर लिहिलं, की त्याला वही कुणी दिली इथपासून सांगतो. पुढे मला मुद्दे आठवावे लागले नाहीत. सात पानं झाली. त्यात बादली हा शब्द कुठेही आला नाही, याची मी काळजी घेतली.

पास झालो. मार्क फार नव्हते. वडिलांना फोन केला तर मागे यंत्रांचा खडखडाट होता, त्यांना ऐकू गेलं नाही, मला तीनदा ओरडून सांगावं लागलं. ते म्हणाले, "मग ते लूम दुसऱ्याला देऊ का?" मी म्हणालो, "द्या."

त्याआधी, पेपर झाला त्याच संध्याकाळी, टाकीच्या किल्लीचं काय करायचं यावर अंगणात सभा झाली होती. सर म्हणाले, राजेशाही परत आणायला त्यांची हरकत नाही, त्यांनी जानवंही नवीन घातलंय. पवनने ताट वाजवलं. शर्माजींनी घटना लिहू असं सुचवलं. काकू चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी किल्ली उचलली, पदराला बांधली आणि आत गेल्या.

"वही कुणाकडे?" सरांनी मागून विचारलं.

"वही कशाला पाहिजे? माझ्या लक्षात राहतं."

सर आमच्याकडे वळून म्हणाले, "हे मात्र कुठल्याच पुस्तकात नाही." मला पहिल्यांदाच ते खरोखर घाबरलेले दिसले. पण त्या उन्हाळ्यात पाणी पुरलं.

आता मी एम.ए. करतोय. सरांना महिन्यातून एकदा फोन करतो. ऐकू कमी येतं त्यांना, म्हणून बहुतेक वेळ तेच बोलतात. गेल्या आठवड्यात आमच्या वर्गाने अभ्यासाचं एक मंडळ काढलं. कुणी कधी बोलायचं, लायब्ररीतलं एकमेव पुस्तक कुणाकडे किती दिवस, हे लिहायला वही आणली. ती टेबलावरून फिरत फिरत माझ्यापुढे आली आणि एकजण म्हणाला, "तू ही लिख ले, तेरी राइटिंग अच्छी है।" सगळे माना डोलावायला लागले.

मी पहिलं पान लिहिलं. प्रत्येकाचं नाव विचारून, नीट. मग वही शेजारच्या मुलीकडे सरकवली आणि म्हणालो, "पुढचा आठवडा तुझा, नंतर तुझ्या शेजारचीचा."

तिने लगेच काहीतरी लिहिलं. मला ते वाचता आलं नाही. तिचं अक्षर फार वाईट आहे. मला फार बरं वाटलं.